तिसऱ्या नकोपर्यंत

२ फेब्रुवारी, सोलापूर
ह्यांच्या दोस्ताकडनं डबी आली. कानात घालायची दोन बोंडं. समोरचा कंच्याबी भाषेत बोलू दे, आपल्या कानात मराठी येतंय. आपलं बोलनं मोबाईलमदनं त्येच्या भाषेत जातंय. आत एक बाई बोलती, शाळंतल्या पुस्तकावानी. मी तिला कानातली बाई म्हनते.

शेजारच्या भुवनेश्वरीवर टेस्ट घेतली. ती घरात तेलुगू बोलती. शेंगापोळ्या घिऊन आली हुती. मी तीनदा नको म्हनलं, रीतच हाय. तिनं चार पोळ्या पदरात कोंबल्या अन् मागं हुब्या तिच्या आईला कायतरी म्हनली. कानातली बाई म्हनली, "ही फार वाळली आहे, तिकडे वाऱ्याने उडून जाईल." म्हंजे मशीन एकदम बरोबर हाय.

परवा पोरगीला, सोनमला घिऊन ह्यांच्याकडं पोलंडला निगायचं. आत्याबाई म्हनत्यात, भिऊ नगं. मी कुटं भिती? तीन दिवस जेवन जात न्हाय, ते पित्तानं.

५ फेब्रुवारी, इमानात
इमानातली पोरगी ताट घिऊन आली. कानातली बाई म्हनली, "आपण जेवण घेणार का?" मी नको म्हनलं. पोरगी फुडं गेली. फुडंच गेली. मागं बघितलंबी न्हाय.
मानसं लई हायती, इसरली असंल. माघारी येताना इचारंल.

तिथंच, दोन तासानं
माघारी आली. रिकामी ताटं न्यायला. सोनमचा उरलेला पाव खाल्ला.

६ फेब्रुवारी
पोचलो. गावाचं नाव वूच. कापडाच्या गिरन्यांचं गाव, आपल्या सोलापूरवानी, फक्त फ्रीजमदी ठिवल्यागत. हे हितं लूम फिटर हायत, दोन वर्सं झाली.
सोनम ह्यांच्याजवळ जाईना. तिनं मोबाईलमदला फोटो ह्यांच्या तोंडाशेजारी धरून बघितला. म्हनली, बाबा फोनमदी असतो, हा कोन? हे हसले. मग उगंच भांडी घासाया लागले. भांडी घासलेलीच हुती.

७ फेब्रुवारी
ह्यांनी सरळ सांगितलं. "मी बारा तास गिरनीत. तुमी दोगी घरात कोंडून ऱ्हानार. पोरगीला बालवाडीत जागा मिळाली तर ऱ्हावा, तुलाबी बेकरीत काम बगू. न्हाय मिळाली तर सत्तावीस तारकंचं रिटर्न तिकीट हायच."
म्हनलं, मिळंल की. मी काय उगंच सातवी पास न्हाय.
उद्यापास्नं रोज भायेर जायचं. लोकांशी बोलायचं.

८ फेब्रुवारी
बोंडांचं चार्जिंग कमी हुतं. ऐंशीच टक्के. गेले न्हाय.

९ फेब्रुवारी
समोरच्या दारात हालिनाबाई म्हनून म्हातारी हाय. दार उघडंच हुतं. ती म्हनली, "चहा घेशील का?" मी म्हनलं, नको नको, तुमाला कशाला तरास. ती "बरं" म्हनली अन् आत गेली. म्हनलं, कप आनाया गेली. सोनमला कडंवर घिऊन हुबी ऱ्हायले. आतनं केकचा वास. अकरा मिन्टं झाली. मग दार लावल्याचा आवाज.
तिला ऐकाया कमी येत असंल.

१० फेब्रुवारी
ठरवलं. हितल्या लोकास्नी घाई असती, तवा दोनच नको म्हनायचे. तिसऱ्याला घ्यायचं.
हालिनाबाईनं परत चहाचं इचारलं. एकदाच. दुसऱ्या नकोला संदीच दिली न्हाय. कंजूस हाय.

१२ फेब्रुवारी
आपनच वळन लावावं म्हनून कडक भाकरी अन् शेंगाची चटनी घिऊन गेले. हालिनाबाईनं लगेच घेतली! एकबी नको न्हाय! मी दुसऱ्या आग्रहाचं वाक्य तयार ठिवलं हुतं, ते तोंडातच ऱ्हायलं. हुब्या हुब्या खाल्ली. डोळ्यातनं पानी, नाक लालभडक. परत हात फुडं केला.
मग म्हनली, "तुला काम असेल तेव्हा मुलीला मी सांभाळीन." मी नको नको म्हनलं. ती म्हनली, "बरं."
हिचं बरं लई वंगाळ हाय.

१५ फेब्रुवारी
ह्यांनी चौकशी केली. बालवाडीत एकच जागा हाय. शुक्कीरवारी सकाळी मोठ्या बाईस्नी भेटायचं. ह्यांची शिफ्ट, म्हनून मी एकटी जानार. हे म्हनले, जमंल का? म्हनलं, कानात बाई हाय की माज्या.
सोनम आज ह्यांच्या हातनं वरनभात जेवली. बाबा म्हनत न्हाय अजून, "ए मानसा" म्हनती.

१७ फेब्रुवारी
बालवाडीचा रस्ता बगून यायचं ठरवलं हुतं. बर्फ पडला.

१८ फेब्रुवारी
बर्फ न्हाय. सोनम शिंकली.

१९ फेब्रुवारी
सोनम शिंकली न्हाय. पर आज गेलं की उद्याचा उत्साह कमी हुतो. आरशासमोर बोलून बघितलं. लई झ्याक बोलते मी.

२० फेब्रुवारी
गेले. जाताना दोनदा माघारी फिरले, कुलूप बगाया.
मोठ्या बाई हसऱ्या. भिंतीवर कागदाची फुलपाखरं. सोनम तर लगेच पोरांत घुसून घसरगुंडीवर. बाई म्हनल्या, "एक जागा आहे. आपल्याला हवी आहे का?"
आता कुनी जागा फुडं केली तर एकदम झडप घालायची का? मी पदर सावरून म्हनलं, नको नको बाई, तुमची कशाला अडचन.
बाईनं पेन खाली ठिवलं. म्हनल्या, "आपली खात्री आहे का?"
मला इतका आनंद झाला! दुसऱ्यांदा इचारलं! म्हनलं, ही बाई आपल्यातली हाय. दुसरा नको अजून गोड म्हनले. मान वाकडी करून. अन् तिसऱ्याला व्हय म्हनाया तोंड उगडून बसले.
बाईनं फाईल मिटली. मागच्या बाईला बोलवलं. लाल टोपीवाली. तिला इचारलं, ती पैल्या झटक्यात व्हय म्हनली. जरासुदीक लाज न्हाय.
पर काम झाल्यातच जमा हाय. दोनदा इचारलंय. तिसऱ्यांदा घरी येऊन इचारतील.

२२ फेब्रुवारी
घर पुसून घेतलं. मोठ्या बाई येतील म्हनून शेंगापोळ्या केल्या. ऐतवार असल्यानं आल्या न्हायत.
सोनम ह्यांच्या पोटावर झोपली. झोपंत "बाबा" म्हनली. हे दुपारभर हलले न्हायत, पाय बधीर झाले तरी.

२३ फेब्रुवारी
ह्यांनी बालवाडीत फोन केला. फोन ठिवला अन् माज्याकडं वळले.
"अगं, तू नको म्हनलीस?"
"दोनदाच म्हनलं की! तिसऱ्याला घेनार हुते."
"हितं तिसऱ्यांदा कोन इचारत न्हाय गं."
"मग कुनीतरी शिकवाया नगं का ह्यास्नी?"
टावेलात तोंड घालून बसले. मला वाटलं रडत्यात. हसत हुते. मग हसायचे थांबले.
कानातल्या बाईला म्हनलं, तू तरी त्यास्नी सांगायचंस की, ही रीत हाय म्हनून. ती म्हनली, "मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा." हीच एक हाय परत इचारनारी.

२४ फेब्रुवारी
नवीन ठराव. आजपास्नं सगळ्याला व्हय. पैल्या झटक्यात.
भाजीवाल्यानं कायतरी इचारलं. व्हय. पाच किलो बीट. जिन्यातल्या बाईनं इचारलं, तिचं पुरं व्हायच्या आत व्हय. हातात कुत्र्याची दोरी दिऊन गेली. कुत्रं खोंडाएवढं. त्येनं मला दोन तास गावभर फिरवलं. चर्चापाशी एका म्हाताऱ्यानं कागद फुडं केला. व्हय. सही केली. आता गुरवारी मला तितं गायचंय.
हालिनाबाई दारात भेटली. म्हनली, "तू बरी आहेस ना?" व्हय म्हनलं. चहाचं तेवढं आज इचारलं न्हाय.

२६ फेब्रुवारी
गुरवार. गायले. मला एकच पाळना येतो. लोक हुबे ऱ्हायले.

२७ फेब्रुवारी, इमानतळ
घरनं निगताना हालिनाबाईनं केक दिला. मी व्हय म्हनलं. डबा तिनं हातात ठिवला अन् माजे गाल धरले. कानातल्या बाईला त्येचं मराठी जमलं न्हाय.
हितं सोनमनं ह्यांच्या पायाला मिठी मारली ती सुटंना. हे खाली बगत म्हनले, "तू म्हनशील तर मीबी येतो माघारी. सोलापुरातबी लूम हायत."
माज्या कानात बोंडं नव्हती, डबीत ठिवली हुती. मराठीतनं मराठीत बोलनं हुतं. अन् मी म्हनलं, नको नको, तुमचं कशाला नुसकान.
हे माज्याकडं बगत ऱ्हायले. मी वाट बघितली. सांगोल्याचा मानूस हाय, आपल्यातला हाय, इचारनारच.
म्हनले, "बरं."
इमानतळावर गडबड असती. ध्यानात आलं नसंल.

१ मार्च, सोलापूर
भुवनेश्वरी पोळ्या घिऊन आली. मी चुकून पैल्यांदाच व्हय म्हनलं. ती घाबरली. आत्याबाईस्नी इचारती, हिला तिकडं जेवाया घालत नव्हते का?
ह्यांचा बुदवारी फोन हाय. ते परत इचारनार. मला म्हाईत हाय त्यांचा स्वभाव. आरशासमोर सराव चालू. व्हय. व्हय. व्हय.

४ मार्च
दुपारी फोन आला. सोनमनं मोबाईल उलटा करून मागं बघितलं. म्हनली, बाबा, भायेर ये. मग रडली, तिला आत्याबाईनं अंगनात नेली.
मी मोबाईल घेतला. तोंडात व्हय तयार. हे म्हनले, "आईक, तवा इमानतळावर मी म्हनलं हुतं न्हाय का, ते—"
तिकडं हॉर्न वाजला.
"गिरनीची गाडी आली गं. ठिवू का?"
म्हनलं, व्हय.
त्यांनी ठिवला.