गाठ नव्हती

देवास, १२ फेब्रुवारी २००६

चि. सौ. नलिनीस ताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या तेराव्याला आपण भांडलो, त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात इकोमध्ये माझ्या हृदयाच्या झडपेपाशी गाठ दिसली. घाबरले, पण खरं सांगते, लगेच मनात आलं, आता नलू धारहून नक्की येईल.

तुला पत्र लिहायला घेतलं, तोवर इंदूरला सीटी स्कॅन झाला. डॉक्टर हसले. "माताजी, गाठ नहीं है, चूना जमा है. ऐसा बहुत कम दिखता है. ऑपरेशन नहीं लगेगा. घर में सबको बता दीजिए."

मी हो म्हटलं. घरी आले, कुलूप उघडलं आणि खूप रडले.

हे पत्र मी टाकणार नाही. बरी आहे म्हटल्यावर तू कशाला येशील?

तुझी,
सुमंगलाताई