पोल्ट्रीवाल्याची केस

माले, ता. मुळशी
रविवार, दुपार

आदरणीय उषाअक्का,

एकनाथचा वाकून नमस्कार. निरंजनरावांनाही सांगावा. त्यांच्या गुडघ्याला तेलानं फरक पडला का, आणि ते तेल खरंच चोळतात की बाटली उघडून तुम्हाला नुसता वास देतात, तेही कळवावं. तुमची शुगर तपासलीत का? अंबाजोगाईत ऊन मी म्हणत असेल. इथेही आहे, पण संध्याकाळी धरणाकडून वारा येतो. (शनिवार-रविवार गाड्याही येतात. धरण कुठे आहे म्हणून मला कुणी ना कुणी विचारतं, आणि मी हात करून दाखवतो. आठवड्यातलं माझं बरंचसं बोलणं तेवढंच.) किमया अजून नखं खाते का? मी बरा आहे. हे वाक्य मी सवयीनं लिहिलं, पत्र संपल्यावर तुम्ही ते खोडलंत तरी चालेल.

तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, किमयाचा शाळा सोडल्याचा दाखला कधी पाठवताय, जूनच्या आत इथल्या शाळेत नाव घालायला हवं. मी दर रविवारी 'पाठवतो' म्हणतो. फोनवर मला 'हं', 'बरं' आणि 'पाठवतो' याच्यापुढे जाता येत नाही. अपूर्वा होती तेव्हा बोलायचं काम तिचं असायचं, मी मागून 'माझाही नमस्कार सांग' एवढं म्हणायचो, त्यामुळे सराव राहिला नाही. आज तुमचा फोन यायच्या आत पत्र लिहायला बसलो आहे. दाखला का आला नाही हे कळायला आधी एक हकीकत सांगावी लागेल. ती सांगायची मला लाज वाटते, पण इथे ती गावभर झालीच आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवून उपयोग नाही.

मी काय शिकवतो ते तुम्हाला माहीत आहे. (निरंजनराव पाहुण्यांना 'आमचे साडू वेड्यांचे मास्तर' असं सांगतात. माझी तक्रार नाही, फक्त माझ्यासमोर सांगताना आवाज कमी करतात तो करू नये.) नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला मेंटल हेल्थ नर्सिंग हा विषय असतो. मनाचा आजार झालेल्या माणसाशी बोलायचं कसं, आणि त्याहून जास्त म्हणजे गप्प बसायचं कसं, हे त्यात येतं. त्याला सल्ला देऊ नका, नावं ठेवू नका, 'रडू नका' म्हणू नका. 'सगळं ठीक होईल' असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे मी मार्क कापतो. अपूर्वा गेल्यानंतर मी हेच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, आणि म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी ते किमयाला म्हणायचो. माझे मार्क कुणी कापले नाहीत.

तर या मुलामुलींना वर्षातून एकदा गावात पाठवतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक घर मिळतं. त्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, मनानं खचलेलं कुणी असेल तर त्याचा अभ्यास करायचा आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर केस मांडायची. (पेशंट म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं.) यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोपनीयता. मी दर वर्षी सांगतो, नाव तर बदलाच, पण वय, धंदा, गाव, घरातली माणसं, सगळं असं बदला की क्लायंट स्वतः समोर येऊन बसला तरी त्याला कळता कामा नये. या वाक्यावर मी थोडा थांबतो, म्हणजे त्यांना लिहून घेता येतं.

यंदा गाव आमचंच ठरलं. मला जाण्यायेण्याचं सोपं म्हणून मीच सुचवलं, ही पहिली चूक. केसेस मांडायला जागाही घरमालक कोंडाजींच्या पडवीत घेतली, ही दुसरी. कोंडाजींना तुम्ही अपूर्वाच्या दिवसकार्याला पाहिलं आहे, निरंजनरावांना ज्यांनी टॉवेल-टोपी दिली आणि टोपी कानापर्यंत आली, ते. खालचं भाताचं खाचर विकून त्यांनी वर खोल्या बांधल्या, त्यांतल्या दोन माझ्याकडे. त्यांच्या रत्नाबाई मला कधी वाटीतून भाजी पाठवतात, मी वाटी धुऊन परत करतो. आमचा घरोबा एवढाच आहे अशी माझी समजूत होती.

सायली ही कासारसाईची मुलगी. वर्गात कधी हात वर करत नाही, म्हणून मला तिच्याबद्दल आपलेपणा वाटायचा. ती उभी राहिली आणि तिनं केस मांडायला सुरुवात केली. क्लायंट श्री. क्ष, वय बावन्न, राहणार भोरकडे, व्यवसाय पोल्ट्री. पत्नी सर्पदंशानं वारली. एक मुलगा, तो सध्या सोलापूरला आत्याकडे. माहिती देणारी व्यक्ती, शेजारीण. माहिती विश्वासार्ह आहे का, असं मी नियमाप्रमाणे विचारलं. "भरपूर आहे, सर," ती म्हणाली.

गाव बदललं आहे हे मला लगेच कळलं आणि मी मनात तिचा एक मार्क वाढवला. हा खालच्या आळीतला कुशाबा असणार, असा अंदाजही बांधला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली आणि तो बोलत नाही. (बोलतो, हे मला नंतर कळलं. माझ्याशी बोलत नाही, कारण मी बोलत नाही.)

सायली पुढे म्हणाली की क्लायंट धंद्यात चोख आहे. दिवसभर कोंबड्यांना काही ना काही समजावून सांगत असतो, त्या ऐकतात की नाही याकडे त्याचं लक्ष नसतं. घरी आला की मात्र तोंड उघडत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'कोंबड्यांशी संभाषण', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सतरंजीवर पुढच्या ओळीत बसलेल्या मुलींनी माना खाली घातल्या. मला वाटलं, लिहून घेताहेत.

मग केसमध्ये ट्रॅक्टर आला. क्लायंट रोज सकाळी ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढतो, ट्रॅक्टर चालू करतो, थोडा वेळ त्याच्या शेजारी उभा राहतो, बंद करतो आणि परत ताडपत्री घालतो. त्यावर बसत नाही. मागून साहिलनं विचारलं, सर, ट्रॅक्टर विकायला सांगायचं का? मी म्हटलं, अर्थात, डिझेल फुकट जातंय. सायली म्हणाली, नको सर, तो त्याच्या बायकोचा आहे. अक्का, मी तिथे थांबून, ग्रामीण भागातल्या बायका आता ट्रॅक्टर चालवू लागल्या आहेत ही किती चांगली गोष्ट आहे, यावर चांगलं भाषण केलं. कुणी हसलं नाही. ही मुलं एरवी पंख्याचा आवाज आला तरी हसतात.

शेवटी तिनं सांगितलं की मुलाचा फोन आला की क्लायंट गच्चीवर जातो, 'जेवलास का' एवढंच विचारतो, आणि फोन ठेवला की जिन्यात बसून राहतो. मुलाला लांब का पाठवलं असं शेजारणीनं एकदा विचारलं, तर म्हणाला, त्याच्या भल्यासाठी. इथे मला जरा ओळखीचं वाटलं. पण ते पुस्तकात वाचलं असेल असं वाटलं.

आता मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. मी खडू घेऊन उभा राहिलो. बायको गेल्यापासून मी कुठल्याच गोष्टीवर मोठ्यानं बोललो नव्हतो, त्या पोल्ट्रीवाल्यावर बोललो. म्हणालो, "हा माणूस पळपुटा आहे. भल्यासाठी म्हणतो, पण कुणाच्या? मुलाची आई गेली, आणि ह्यानं बापही काढून घेतला. बाप रडताना दिसला तर मूल मोडत नाही. बाप दिसेनासा झाला तर मोडतं." पळपुटा हा शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं. सायली एवढंच म्हणाली, "सर, तो पळपुटा नाहीये. त्याला लाज वाटते." मी तिला सुनावलं की तू क्लायंटमध्ये फार गुंतली आहेस. मग फळ्यावर उपाय लिहिला, मोठ्या अक्षरांत, 'क्लायंटने स्वतः जाऊन मुलाला घरी आणावे', आणि खाली दोन रेघा मारल्या.

रत्नाबाई चहाचे कप घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग आणा की पोरीला. आता तर सोताच म्हनताय."

मी त्यांना समजावलं, की रत्नाबाई, क्लायंटला मुलगा आहे.

"कुटला मुलगा? किमयाला म्हंतीय मी."

कोंडाजी खांबाला टेकून पेंगत होते, ते जागे झाले. "आन ह्यो टॅक्टर कुनाचा काडलाय? ती इस्कुटी हाय न्हवं?"

मग एकेक बदललेली गोष्ट आपापल्या जागी परत यायला लागली. ट्रॅक्टरची स्कूटी झाली, सर्पदंशाचा डेंग्यू झाला, सोलापूरचं अंबाजोगाई झालं. शेवटी मी समोर बसलेल्या वर्गाकडे बघितलं, तेव्हा कोंबड्या कोण तेही कळलं.

मुलं गप्प बसली. कसं बसायचं ते मीच शिकवलेलं, हात मांडीवर, नजर क्लायंटकडे पण रोखून नाही. सगळ्यांनी अगदी बरोबर केलं. मला ते सहन झालं नाही. मी 'चहा घ्या' असं म्हणालो आणि वर निघालो, आणि वर पोचायच्या आधी जिन्यातच बसलो. त्यामुळे केसमधली राहिलेली एक गोष्टही सगळ्यांना प्रत्यक्ष बघायला मिळाली.

थोड्या वेळानं सायली आली. म्हणाली, सर, सॉरी, चिठ्ठीत हेच घर निघालं. पहिल्याच दिवशी घरात कुणाला त्रास आहे का असं तिनं विचारलं, तर रत्नाबाईंनी वर बोट दाखवलं. मी म्हटलं, मला आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली, "तुम्ही 'बरं' म्हणाला असता." मी 'बरं' म्हणालो.

तिला मार्क चांगले दिले. माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या विश्वासार्हतेत एक कापला, कारण रत्नाबाईंच्या मते माझ्यावर खरा उपाय त्यांची भाची आहे. (काळजी नसावी. भाचीला विचारलेलंही नाही, आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं.)

फळा अजून पडवीतच आहे. कॉलेजचा टेम्पो आलेला नाही आणि पुसू म्हटलं तर कोंडाजी पुसू देत नाहीत, म्हणतात, ऱ्हाऊ द्या, अक्षर चांगलं हाय. येणारे-जाणारे वाचतात. दूधवाल्यानं विचारलं, पोल्ट्री कुनाची? मी सकाळ-संध्याकाळ फळ्याजवळून खाली बघत जातो. कुशाबा मात्र काल स्वतःहून येऊन पडवीत माझ्या शेजारी बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "मास्तर, तुमी माझ्याच टॅक्टरची गत सांगताय आसं वाटलं मला." त्याच्याकडे शेळ्या आहेत, ट्रॅक्टर नाही. आम्ही दोघं नंतरही तिथेच बसून राहिलो.

असो. पत्र लांबलं. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे, तेव्हा एखाद-दोन दिवस सहज भेटायला येईन म्हणतो. आंबे आणू नयेत, तुमच्याकडचे चांगले असतात. थोरांना माझा नमस्कार पोचवावा, आणि लहान आहे तिला काय पोचवावं ते मला लिहिता येत नाही.

आपला,
एकनाथ

ता. क. 'सहज' हा शब्द खरा नाही. दाखला मी महिन्यापूर्वीच शाळेतून आणून ठेवला होता. काल पौडला जाऊन तो हेडबाईंना परत दिला. त्या म्हणाल्या, दिलेला दाखला परत घ्यायची सोय नसते. मग माझ्याकडे बघून त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि विचारलं, चौथीच्या कुठल्या तुकडीत घालू? मी मुलगी येतेय म्हणून सांगून बसलो आहे. शाळा सुटल्यावर ती खाली रत्नाबाईंकडे थांबेल. त्यांना तसं विचारलं तर रागावल्या, की हे विचारायला इतके दिवस लागले का.

ता. क. अक्का, धाकटी बहीण तुमची गेली. तिची मुलगी घरात वावरते म्हणून तुम्हाला दिवस काढता येतात, हे मला दिसतं. आता मी तिला न्यायला येतो आहे, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्यांदा कुणी नेल्यासारखं होणार. दर सुट्टीत तिला घेऊन येईन, आणि तुम्ही इथे याल तेव्हा मागची खोली तुमची. तुम्ही समोर 'नाही' म्हणालात तर मी 'बरं' म्हणून एकटाच एस.टी.त बसेन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून कृपा करून नाही म्हणू नका. रागवा, बोला, निरंजनरावांना बोलायला लावा, पण नाही म्हणू नका.

ता. क. किमयाला आधी एवढंच सांगावं, की बाबा येतोय आणि तो बहुतेक रडेल, घाबरायचं काही कारण नाही. निरंजनरावांनाही सांगून ठेवावं. ते जास्त घाबरतील.