राक्षसाची ट्यून

सर,

शनिवारी तुमच्या संगीताचा कार्यक्रम आहे आणि मी सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. लीड्समधला आमचा हौशी ऑर्केस्ट्रा तुमची सिंफनी वाजवणार आहे, कंडक्ट मी करणार आहे. इथवर तुम्हाला आवडलं असतं. घोडं अडलंय ते शेवटाशी, कारण सगळ्यांना राक्षसाची ट्यून हवी आहे. हो, तीच. रबरी राक्षस समुद्रातून वर येतो त्या सिनेमाची, तुम्ही तरुणपणी जपानमध्ये घाईघाईत लिहून दिलेली. तिच्यामुळे जग तुम्हाला ओळखायचं आणि तिचं नाव काढलं की तुमचं तोंड कडू व्हायचं. आमची चेलोवाली मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलात डॉक्टर आहे. काल रिहर्सलनंतर मला म्हणाली, "अगं, लोक मुलांना घेऊन येणारेत. सगळं संपल्यावर एन्कोअरला तरी घे ना, प्लीज!" मी म्हटलं, "सरांना शब्द दिलाय." "सरांना जाऊन किती वर्षं झाली गं! हाऊ वुड ही नो?" तिला काय सांगू? हॉस्पिटलात तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "माझ्यामागे ते वाजवायचं नाही," आणि मी मान हलवली होती.

तुमच्या स्वयंपाकघरात मी एकदा भांडी पुसताना तीच ट्यून गुणगुणत होते. तुम्ही टेबलावर स्वरलिपीचे कागद पसरून बसला होतात, शेजारी भाताचा कुकर. मान वर न करता म्हणालात, "या घरात नाही." मला इतका राग आला! एवढं सुंदर काही करून ठेवायचं आणि वर त्याची लाज बाळगायची. मग एका दुपारी मी मागच्या दाराने येते, हातात तुम्हाला आवडणाऱ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. तुम्ही पाठमोरे, बांगडा साफ करताय आणि शीळ घालताय. तीच ट्यून, पण अगदी संथ, एखाद्या मुलाला झोपवावं तशी. माझी चाहूल लागताच तुम्ही नळ मोठा सोडलात आणि म्हणालात, "रेडिओवर लागलं होतं." सर, रेडिओ बंद होता. मी बरणी ठेवली आणि तुम्ही तिकडे बघायचंही टाळलंत.

आता मी काय करू? शब्द मोडला तर तुमचा अपमान, पाळला तर त्या शीळ घालणाऱ्या माणसाचा. सिनेमाचं संगीत सेकंदांत मोजायला तुम्ही वापरायचात ते स्टॉपवॉच माझ्या ओट्यावर आहे, अंडी उकडताना वापरते. आज उगाचच चालू-बंद करत बसलेय.

खरं सांगते. काल रिहर्सलमध्ये सिंफनीभर मी नुसत्या मात्रा मोजत होते. ती संपल्यावर ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी गंमत म्हणून ती ट्यून सुरू केली आणि मला हुंदका आवरेना. थांबवायला हात उचलला होता, पण त्याच हाताने ताल द्यायला लागले. त्या ट्यूनचे कागद मी आज सगळ्यांच्या फाइलींत घातलेत. हे पत्र कुठे पाठवायचं, माहीत नाही. पण पत्ता असता तरी शनिवारच्या आधी पोस्टात टाकलं नसतं. तुम्ही नाही म्हणाला असतात.