बाटली खराब होती

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितेय. आता नीट वाच, मध्येच उठून कुकर बघायला जाऊ नकोस. माफी लिहून दे आणि नोकरी सांभाळ, एका कागदाने काय बिघडतंय, हे तुझं ऐकलं. तो कागद मी देणार नाहीये. सोमवारी देवेशसरांनी काढलं तर काढू देत.

झालं काय ते ऐक. रविवारी दुपारी आमच्या अंधेरीच्या हॉटेलात एका साहेबांनी वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी लाल वाइन मागवली. फ्रान्सच्या बर्गंडीतली, सव्वीस वर्षं जुनी. अशी बाटली उघडली की आधी मी चाखते आणि थुंकते, तू हसतेस तेच माझं काम. रंग झकास होता गं, कडेला विटकरी, जुनी झाली की असाच फिका पडतो. पण चांगल्या जुन्या बर्गंडीला आमसुलांचा, ओल्या मातीचा वास येतो. हिला ओल्या पुठ्ठ्याचा येत होता, कुबट. बूच खराब निघालं की असं होतं. तरी म्हटलं, जरा हवा लागू दे. वीस मिनिटं थांबले, तर वास वाढतच गेला. सर कानाशी येऊन म्हणाले, ओत ना, ह्यांना काय कळतंय! मी सगळ्यांसमोर सांगितलं, बाटली खराब आहे, देता येणार नाही. आता त्याच पेटीतल्या उरलेल्या बाटल्या खपवायला सरांना माझ्याकडून लिहून हवंय की वाइन उत्तम होती, माझंच चुकलं.

तू म्हणालीस, नाक काय रोज बरोबर असतं का? माझं असतं, आई. हे नाक तूच तयार केलंस. दहिसरच्या चाळीत बाबा जिन्यावर दिसले की तू मला पुढे पाठवायचीस. सात वर्षांची मी. त्यांच्या गळ्यात पडायचं, वास घ्यायचा आणि तुझ्याकडे बघून मान हलवायची. हो म्हटलं की ते झोपेपर्यंत आपण दोघी शेजारी सुलक्षणाकाकूंकडे बसायचो. बाबांना बिचाऱ्यांना वाटायचं, पोरीला किती माया!

तुझा हात मोडला त्या संध्याकाळी मी नाही म्हटलं होतं. पोर लहान होती, तिला कळलं नसेल, असं तू आजही सगळ्यांना सांगतेस. मला कळलं होतं. दारूचा भपकारा येत होता, आई. पण त्यांनी माझ्यासाठी जिलेबी आणली होती आणि मला ती आपण तिघांनी एकत्र बसून खायची होती. म्हणून मी खोटं बोलले. एकवीस वर्षं हे तुला सांगायची हिंमत झाली नाही. पुन्हा तसं खोटं बोलणं माझ्याच्याने व्हायचं नाही, नोकरी गेली तरी. फोन करू नकोस. शनिवारी मी घरी येतेय, काय बोलायचंय ते समोर बोल.

तुझीच,
दिशा