बबनरावांच्या रानातले अकरा दाणे

६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. काय घडलं ते आधी क्रमाने देते.

१. २८ सप्टेंबर. पुढे पीक कापणारं नवं हेडर बसवलेलं आपलं हार्वेस्टर तू त्रिंबककाकांच्या सोयाबीनमध्ये चालवलंस. मागून मी मीटरभर लांबीरुंदीची चौकट टाकत सांडलेले दाणे मोजले. दहा जागांची सरासरी ९४, म्हणजे एकरी चाळीस किलोच्या आसपास.

२. ३० सप्टेंबर. तेच मशीन, तेच हेडर, रान बबनरावांचं. चालवणारा त्यांचा ट्रॅक्टरवाला राधाकिशन. सरासरी ११.

३. त्याच दिवशी बबनरावांच्या मांडवात, साठेक माणसांसमोर, मी माइकवर सांगितलं की हेडर उत्तम आहे, फरक चालवणाऱ्याच्या हातात आहे.

४. तू किल्ली अण्णांच्या हातात दिलीस आणि दुपारच्या एस्टीने इंदापूरकडे ऊसतोडणीच्या मशीनवर निघून गेलास.

५. क्रमांक दोनमधला आकडा खोटा निघाला.

६. आपलं साडेचार एकर अजून उभं आहे. शेंगा हात लावला की वाजतात. अजून आठवडा गेला तर उभ्या जागी फुटतील.

पाचवा मुद्दा उलगडून सांगायला हवा. त्या दिवशी सकाळी दहाला बबनरावांच्या रस्त्याकडेच्या एक एकराची कापणी संपली. मी चौकट घेऊन रानात उतरणार, तोच ते आडवे आले. "वैष्णवीताई, आधी सत्कार. रान काय पळून जातंय का?" मग मांडव, शाल, नारळ, माझ्यावर तीन भाषणं. पहिल्या वक्त्याने मला डॉक्टर केलं, दुसऱ्याने परदेशात पाठवून परत आणलं. त्यावर पोहे, त्यावर चहा. मी घड्याळ पाहत होते, पावणेदोन तास गेले. तू मांडवाबाहेर लिंबाला टेकून उभा होतास आणि तिसऱ्या भाषणाला तू हसलास, तेही मी पाहिलं. नंतर मी रानात गेले, मोजलं, अकरा आले, आणि आनंदाच्या भरात माइक हातात घेतला. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये हे मी चार वर्षं परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले होते. सत्कार झाला की माणूस ते विसरतो, असं दिसतं.

परवा भिवराबाई आपल्या दारात आली. कुणाच्याही कापणीनंतर रानात सरवा वेचायला जाते तीच, आईची मैत्रीण. आईशी बोलता बोलता माझ्याकडे वळली. "काय गं पोरी, त्या बबनरावाच्या रानात तू उन्हातान्हात काय मोजत व्हतीस? आमी आठ बायांनी आधीच झाडून नेलतं की सगळं." मला आधी कळेनाच. "कावून?" म्हणून विचारलं, तर ती हसायला लागली. "आगं, पुढारी येणार, फोटो निघणार. बबनराव म्हनले, पावण्यासमोर रान उष्टं दिसू नये. चहा होईस्तोवर एकूण एक दाणा उचला. आमी उचललं ते तू मोजलंच न्हाईस, आन् आमचं उरलेलं मोजून माइक धरलास."

बबनरावांना फसवायचं नव्हतं, हे लिहून ठेवते. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडतात तसं त्यांनी रान झाडलं. मी नुकसान मोजायला आलेय आणि ते सांडलेल्या दाण्यातच दिसतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. मी मोजायला येतेय म्हटल्यावर रान कुणी झाडणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं.

मग मी भिवराबाईच्या घरी वजनकाटा घेऊन गेले. आठही जणींचा सरवा बडवून, पाखडून तिच्याकडेच एका पोत्यात होता, वाटणी व्हायची होती. एकतीस किलो भरला. माझे अकरा दाणे म्हणजे एकरी पाच किलो. बेरीज छत्तीस. तुझे चाळीस, राधाकिशनचे छत्तीस. एवढा फरक माझ्या चौकटीच्या चुकीतच बसतो. म्हणजे तुझ्या आणि त्याच्या हातात मोजता येईल असा काही फरक नव्हता, आणि दोघांच्याही हाताखाली सोयाबीन सारखंच सांडत होतं. दोष मशीनमध्ये होता, आणि मशीन मी जुळवलं होतं.

तो कुठे होता हे तुला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी, त्रिंबककाकांच्या बांधावर, तू इंजिन बंद न करता वरूनच ओरडला होतास, "वैष्णे, रील लई जोरात फिरतंय बघ. झाडाला ओढून घेत न्हाई, थोबाडीत मारतंय." मी तक्ता दाखवला. तक्त्यात पीक पात्यावर ओढणाऱ्या रीलचा वेग मशीनच्या ताशी सहा किलोमीटर चालीला धरून दिलेला आहे, आणि मी पुली त्याप्रमाणे बसवली होती. पण तो तक्ता सपाट रानाचा. आपल्याकडे सोयाबीन रुंद वरंब्यावर असतं, दर चार-पाच फुटांवर सरी. तिथे पात्याचा नवा कटरबार जमिनीला धरून वर-खाली व्हावा म्हणून तू मशीन साडेतीनच्या चालीने घेत होतास, आणि ते बरोबर होतं. मशीन हळू आणि रील मात्र सहाच्या हिशेबाने, म्हणून वाळल्या शेंगा पात्यावर यायच्या आधीच फुटत होत्या. मी तुला म्हणाले होते, "तू चाल वाढव." आणि तू रीलला हात लावू नयेस म्हणून पुलीचा पाना मी माझ्या पिशवीत ठेवला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुला सांगितलं.

काल बीडहून मोठी पुली आणली. रीलचा वेग जवळजवळ निम्मा झाला. आज सकाळी त्रिंबककाकांच्या उरलेल्या दोन एकरांत राधाकिशनने चालवलं. या वेळी भिवराबाईला मी मशीनच्या मागेच उभं केलं, कुणालाही वेचू द्यायचं नाही म्हणून. ती हातात फोक घेऊन उभी होती, काकांच्या कोंबड्याही तिने बांधाच्या आत येऊ दिल्या नाहीत. सरासरी २५. एकरी अकरा किलो. खालच्या शेंगाही बुडख्याला राहिल्या नाहीत, कटरबार आपलं काम चोख करतोय. काकांनी चौकटीत स्वतः वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आदिनाथ आसता तर वीसच्या आत आणलं आसतं." मी वहीत २५ लिहिलं, पण काकांचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. भिवराबाई मात्र माझ्यावर चिडली आहे. "आमच्या सरव्यावर उठलीस की गं तू!" बांधाकडेचे कोपरे, जिथे हेडर वळत नाही, ते तिला तोडून न्यायला काकांनी सांगितलंय. तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं नाही, आणि होणारही नाही असं ती स्वतःच सांगते.

आज दुपारी मी बबनरावांच्या ओट्यावर गेले. त्या दिवशीची बरीच माणसं तिथे बसलेली होती. अकरा हा आकडा चूक आहे, दादाबद्दल बोलले ते चूक आहे आणि रील मी चुकीचं लावलं होतं, ही तीन वाक्यं उभ्यानेच सांगितली. माइक नव्हता, म्हणून मोठ्याने सांगितली. मग बबनराव म्हणाले, "ताई, आकडा माघारी घेता, तर मग आमचा नारळपण माघारी द्या." नारळाची चटणी झाली होती, तसं सांगितलं. सगळे हसले. शाल मात्र परत करून आले.

घरचं सांगायचं तर अण्णांची पाठ बरी आहे. आई रोज मशीनवरून फडकं फिरवते आणि कुणी पाहिलं की भिंत पुसायला लागते. तुझ्या खोलीतला पंखा मी दुरुस्त केला, आवाज करत होता. मी बीडला क्लासला असताना तू दर सोमवारी मला स्टँडवर सोडायचास. मार्क किती पडले हे कधी विचारलं नाहीस, जेवलीस का एवढंच विचारायचास. त्या वर्षांत तुझ्याकडे ऐन कापणीच्या दिवसांतही दुसरं काम नव्हतं असं मी समजत होते. अण्णांनी काल सांगितलं की दर सोमवारी तू कुणाचं तरी काम बुडवून यायचास.

आता पत्राचं कारण. आपलं रान अजून का उभं आहे, असं अण्णांनी मला तीनदा विचारलं. मी एकदा ओल जास्त आहे म्हणाले, एकदा बेअरिंग तपासायचंय म्हणाले, एकदा काकांचं आधी उरकू द्या म्हणाले. तिन्ही खोटं. ओल मी मोजली आहे, तेरा टक्के, कापणीला नेमकी. बेअरिंग ठीक आहे. राधाकिशन उद्याही कापून देईल आणि बरं कापेल. मी त्याला हो म्हटलं नाही, कारण त्या रानात तुझ्याशिवाय कुणी मशीन घातलं तर मी साठ माणसांसमोर बोलले तेच खरं ठरल्यासारखं होईल. मी चुकले, दादा. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून एवढे कागद लागले. तू येणार असशील तर पुलीचा पाना केबिनमध्ये तुझ्या सीटखाली ठेवला आहे आणि रील किती फिरवायचं ते तू ठरव, मी फक्त मोजेन. येणार नसशील तर तेही समजू शकते, शनिवारी राधाकिशन कापेल आणि मी तुला त्यावरून पुन्हा काही म्हणणार नाही. हरिबा उद्या मांजरसुंब्याहून ट्रक घेऊन तुमच्याकडे येतोय, पत्र त्याच्याजवळ देतेय. शुक्रवारी, ११ ऑक्टोबरला, दुपारपर्यंत हो किंवा नाही एवढं कळव.

तुझीच,
वैष्णवी