नाक्यावरच्या बुकात लेक म्हणून लिहिल्या गेलेल्या बायकोबद्दल

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब बहादूर,
जिल्हा बीड, इलाखा सरकार-ए-आली.

अर्जदार : गहिनीनाथ वल्द सटवा, उमर अंदाजे पंचेचाळीस, पेशा काश्तकारी, राहणार मौजे गवळवाडी, लिंबागणेशाच्या वाटेवर.

विषय : अर्जदाराची लग्नाची बायको अंजना, पैदाईश इंग्रजी मुलूख, हिला मुल्की रहिवाशाची बायको म्हणून कायम राहण्याचा दाखला मिळणेबाबत व सरहद्दीच्या नाक्यावरील नोंद दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : तहसील कचेरीचा हुकूम, ता. २७ अर्दिबेहेश्त सन १३२० फसली. (यात ‘रुई’ नावाच्या बाईस हजर करण्यास फर्मावले आहे.)

मेहेरबान साहेब,

फिदवी हात जोडून अर्ज करतो की, दरबारची जबान उर्दू असून ती मला लिहिता येत नाही, याची माफी असावी. मी अर्जीनवीसाकडे गेलो होतो. त्याने कागद पुढे ओढला, दौतीत बोरू बुडवला आणि बोला म्हणाला. तंबाखू आणतो म्हणून उठलो तो थेट गावी आलो. सबब हा अर्ज माझ्याच हातचा आहे. अक्षर वाकडे आहे आणि मजकूर त्याहून वाकडा आहे.

१. हे माझे पहिले लग्न नव्हे. पहिली बायको सुंदरबाई पटकीत गेली. दुसरी मुक्ताबाई प्लेगच्या साली माळावरच्या झोपडीत गेली. दोघींच्या पोटी मूल नव्हते. पुढे सात वर्षे मी हाताने भाकरी थापून खाल्ली. आमच्या भागात कोणी मुलगी देईना. ह्याच्या घरात बायका टिकत न्हाईत, असे लोक माझ्यादेखत म्हणत. शेवटी जामखेडकडचे विठ्ठलराव म्हणून एक गृहस्थ, राहणार इंग्रजी मुलूख, यांनी आपली लेक अंजना देऊ केली. तिची उमर एकवीस. तिचे लग्न एकदा दुष्काळामुळे व एकदा प्लेगमुळे मोडले होते. मुलीला विचारले आहे असे विठ्ठलरावांनी सांगितले. मी स्वतः विचारले नाही, हे कबूल करतो.

२. लग्न मागल्या सालच्या वैशाखात, म्हणजे तीर १३१९ मध्ये, तिच्या बापाच्या दारी लागले. वऱ्हाड नेले नव्हते. बिजवराच्याही वरच्या नवऱ्याचे वऱ्हाड घेऊन कोण मिरवतो? दुसऱ्या दिवशी गाडीत मी आणि अंजना एवढे दोघेच परत निघालो. सरहद्द जवळ आली तसे मी बाशिंग काढून कडब्याखाली सरकवले आणि मुंडावळ्या खिशात कोंबल्या. तिने ते पाहिले.

त्या दिवसांत नाक्यावर दोन बुके होती. एक आपल्या मुलखात परत येणाऱ्या इथल्याच, म्हणजे मुल्की, लोकांचे. दुसरे परमुलखातून नव्याने राहायला येणाऱ्यांचे. नेमका बाजारचा दिवस होता. आमच्या मागे गावचा बंकट उभा होता, आणि बंकटच्या तोंडाला कडीकोयंडा नाही हे सगळ्या गवळवाडीला ठाऊक आहे. नाक्याचा शिपाई भला माणूस. त्याने माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले, गाडीतल्या हिरव्या चुड्याकडे पाहिले आणि हसून विचारले, “काय बाबा, लेक आणली काय सासरहून?”

मी मान हलवली.

शब्द बोललो नाही, फक्त मान हलवली, म्हणून काही गुन्हा कमी होत नाही. त्याने पहिल्या बुकात लिहिले : ‘गहिनीनाथ व त्याची लेक, दोघे मुल्की.’ गाडी सुटली. परमुलखातून येणाऱ्यांना नाक्यालगतच्या प्लेगच्या तंबूत थांबवत, तेथे तिला थांबवू नये म्हणून मी तसे केले, असे आज लिहिता आले असते, आणि हुजुरांनी दयाही केली असती. पण ते खोटे आहे. मला लाज वाटली, म्हणून मी तसे केले. पंचेचाळिसाव्या वर्षी बायको आणली हे त्या बाजारात सांगायची लाज वाटली.

३. अंजनाने पुढे दहा महिने माझ्या घरी काढले. इकडचे बोलणे तिला नवे होते. ती ‘का’ म्हणे आणि बाया ‘कावून’ म्हणत. तिकडच्या अंगाने बोलली की पाणवठ्यावर हसू व्हायचे. महिना विचारला तर ती इंग्रजी सांगायची, चावडीत फसली लागायचा. तरी दोन महिन्यांत ती सगळे शिकली. भिंती पांढऱ्या केल्या, अंगणात तुळस लावली, शेजारच्या साखराबाईच्या आजारी म्हशीला रात्रंदिवस काढे पाजून उभी केली. मग हसणाऱ्या बाया तिच्याकडे औषध मागायला येऊ लागल्या. परक्या मुलखात माणूस कसे रुजते ते मी घरबसल्या पाहिले. माझ्याशी मात्र ती कामापुरते बोले, आणि तेही भिंतीकडे पाहून.

४. पुढे खानेशुमारी आली, घरोघरची माणसे मोजून लिहिली गेली. आमचे पाटील अर्जुनराव यांनी माझ्या घरी ‘बायको एक, पैदाईश इंग्रजी मुलूख’ असे खरे ते लिहिले. तहसील कचेरीत ते नाक्याच्या बुकाशी ताडून पाहिले गेले. नोटीस आली. तीत दोन सवाल होते. पहिला, जी बायको नाक्यावरून आत आलीच नाही ती घरात कोठून आली? दुसरा, जी लेक नाक्यावरून आत आली ती कुठे आहे?

हुजूर, मला लेक नाही. कधी नव्हती. दोन बायका मूल मूल करत गेल्या आणि सरकारदरबारी मला लेक निघाली तीही हरवलेली.

५. मी कचेरीत हजर झालो. पेशकार साहेब उत्तर हिंदुस्थानाकडचे, नुकतेच आलेले, इकडच्या रीती त्यांना ठाऊक नाहीत. माणूस कडक पण नेमका. त्यांनी शपथेचा बेलभंडारा हातात देऊन जबानी घेतली. लग्ने किती? मी म्हणालो, चार. कारण हातात बेलभंडारा होता आणि एक खोटे नाक्यावर झाले होते, दुसरे करायचे नव्हते. नावे सांग. सुंदरबाई, मुक्ताबाई, रुई, अंजना. हयात कोण? रुई आणि अंजना. रुई कुठे राहते? शेताच्या बांधावर.

येथे खुलासा करणे भाग आहे. ज्याच्या दोन बायका मेल्या त्याची तिसरीही जाते, असे आमच्याकडे धरून चालतात. म्हणून तिसरे लग्न रुईच्या झाडाशी लावतात आणि मग येणारी मुलगी चौथी ठरते. उत्तरेश्वर भटजींनी माझ्या बांधावरच्या रुईला हळद लावली, सूत गुंडाळले, मंगलाष्टके म्हटली. चौथ्या दिवशी ते झाड तोडायचे असते, म्हणजे तिसरी गेली. ते तोडायचे माझ्याकडून राहिले. नांगरट निघाली, विसर पडला. एवढीच ती रुई आहे.

हे मी कचेरीत त्याच वेळी का सांगितले नाही, असा हुजुरांचा सवाल येईल. पेशकार साहेबांनी हयात आहे काय असे विचारले तेव्हा मागे बसलेले चार लोक हसले. झाड आहे म्हटले असते तर झाडाशी लग्न कावून, असे त्यांनी विचारले असते. मग माझ्या घरात बायका टिकत नाहीत, हे अंजनासमोर सांगावे लागले असते. ती दाराशी उभी होती. मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

६. सबब रुईच्या नावाने नोटीस निघाली. ती घेऊन आलेला चपराशी आमच्याच भागातला, त्याला झाड दिसत होते. मी म्हणालो, बाबा, तूच बघ. तो म्हणाला, “मला नोटीस लावायचा हुकूम हाय, कुनाला ते विचारायचा न्हाई.” त्याने बाभळीच्या काट्याने नोटीस झाडाला टोचली आणि शेरा लिहिला : ‘बाई ठिकाणावर हजर मिळाली, नोटीस घेतली, काही बोलली नाही.’ त्यावर संदर्भातील हुकूम झाला की, तिसरीला हजर करून तिची रजामंदी लिहून घेईपर्यंत चौथीचा दाखला तहकूब, आणि चौथीची आत येण्याची नोंद नसल्याने तोवर तिने आपल्या बापाच्या घरी राहावे.

अंजनाचा भाऊ भारत गाडी घेऊन आला. तिने तुळशीला पाणी घातले, घागर पालथी केली आणि गेली. नाक्यावर तिला बाहेर जाऊ देताना नाव कोणत्या बुकात लिहायचे यावर तासभर खल झाला, असे भारतने नंतर सांगितले. शेवटी कोणत्याच बुकात लिहिले नाही.

७. त्यानंतर मी जे केले त्याची मला सर्वांत जास्त शरम आहे. खुर्दादात एके सकाळी कुदळ घेऊन गेलो आणि ती रुई उपटली. चीक हातावर सांडला. सुताचा दोरा अजून बुंध्याला होता. सुंदरबाई गेली तेव्हा मी खळ्यावर होतो, मुक्ताबाईच्या झोपडीत भीतीने पाऊल टाकले नव्हते, आणि त्या झाडापाशी मात्र बसून पोरासारखा रडलो. दोघींसाठी रडायचे राहिले होते ते तेथे निघाले.

मग अर्जुनराव पाटलांकडे जाऊन वर्दी दिली. पाटील म्हणाले, “लई शहाना हाईस बे गहिन्या. हिचं नाव सरकारात सांगायला कुनी सांगितलं हुतं तुला?” पण कचेरीच्या कागदावर बाई असल्याने त्यांचाही इलाज चालेना. त्यांनी मर्तिकाच्या बुकात नोंद केली. तिसऱ्या दिवशी जमादार आला. समन्स लागलेली बाई महिन्याच्या आत मेली कशी? मी म्हणालो, मी उपटली. त्याने विचारले, प्रेत कुठे आहे? मी म्हणालो, उकिरड्यावर टाकले. जमादार बाजेवरून ताडकन उठला. त्याला उकिरड्यावर नेऊन पाने दाखवली तेव्हा तो पाणी मागून प्यायला. पंचनामा मात्र त्याने केला.

इतके होऊन काम मिटले असते. पण मुळी खोल राहिली होती. चालू तीर महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, रुई पुन्हा फुटली आहे. आता वीतभर आहे. मर्तिकाची नोंद खोटी ठरू नये म्हणून पाटील मला ती पुन्हा उपटायला सांगतात. मी उपटणार नाही. माझ्या हातून आता कोणाचे मरण लिहवत नाही.

८. गेल्या आठवड्यात मी विठ्ठलरावांच्या गावी गेलो. कागद होईल, थोडे थांब, असे अंजनास सांगितले. ती पुढे आली नाही. आतूनच भारतकरवी निरोप दिला तो जसाच्या तसा लिहितो : “कागद आना न्हाईतर नका आनू. ज्या नाक्यावर मला लेक क्येली, तितंच चार मान्सांत बायकू म्हना, मग मी चालत येते.”

आणखी एक गोष्ट, जी आजवर चावडीत, कचेरीत, कोठेही सांगितली नाही. लग्नानंतर नाका ओलांडून घरी आलो त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली, भाकरी केली, माझे ताट मांडले आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, “बाबा, जेवा.” मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. भाकरी तशीच राहिली. पुन्हा तिने मला कशानेच हाक मारली नाही. दहा महिने त्या घरात मी बिनहाकेचा राहिलो, आणि ते योग्यच होते.

सबब मागणे असे की, रुईबद्दलचा खुलासा मंजूर होऊन अंजनास दाखला मिळावा. माझ्या खोट्याबद्दल जी सजा असेल ती मला व्हावी, तिला नव्हे. आणि दाखला दिला न दिला तरी एवढी मेहेरबानी जरूर व्हावी : तो शिपाई आता दुसऱ्या नाक्यावर बदलून गेल्याचे समजते. त्यास बाजारच्या एका दिवसापुरते परत बोलवावे. बंकटला मी स्वतः घेऊन येतो. गाडी तीच असेल, आत अंजना असेल. शिपायाने तोच सवाल, तितक्याच मोठ्याने, मला पुन्हा विचारावा.

या वेळी मी मान हलवणार नाही. तोंडाने जबाब देईन.

हुजुरांचा शरमिंदा फिदवी,
गहिनीनाथ वल्द सटवा
दस्तुर खुद्द
मौजे गवळवाडी, ता. २४ तीर सन १३२० फसली

सोबत :
१. नाक्याच्या पहिल्या बुकातील नोंदीची नक्कल.
२. रुईच्या नावची नोटीस, काट्याच्या भोकांसह.
३. रुईच्या नव्या फुटव्याचे एक पान, ओल्या फडक्यात. हजर करण्याचा हुकूम होता म्हणून.
४. मुंडावळ्यांची एक जोडी, नाक्यावर खिशात लपवली होती तीच. पाहून झाल्यावर परत मिळावी. त्या दिवशी बांधायची आहे.