सतरा सभासदांचा पक्ष

१० सप्टेंबर, मंगळवार

मला वाटलं होतं, कुणाच्या तरी गोड गोड आठवणी टाइप करायच्या! इथे अमेरिकेत, एडिसनच्या लायब्ररीत ज्येष्ठांसाठी व्हॉलंटियर हवेत म्हणून नाव दिलं, आणि वाट्याला आला कोण — कम्युनिस्ट! कार्मेलो वेला. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे माल्टाचे, इथे येऊन चाळीसहून जास्त वर्षं. बेकरी होती, ती आता मुलगी बघते. हात थरथरतो, म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार. विषय? "आमच्या पक्षाचा इतिहास." देशच केवढासा — आपल्या पुण्यात मावेल. त्यात यांचा पक्ष भरात होता तेव्हा सभासद सतरा!

"काका" म्हणून हाक मारली तर दचकलेच. माल्टी भाषेत त्याचा अर्थ भलताच निघतो म्हणे. तेव्हा तोंडावर मिस्टर वेला, इथे मात्र कार्मेलोकाका.

१७ सप्टेंबर

नवरोबा राजीव म्हणतो, "नंदा, ही अमेरिका आहे. नको ते अंगावर कशाला घेतेस?" म्हटलं, अरे, सतरा माणसांना घाबरत असेल तर कसली अमेरिका!

पक्षानं निवडणूक एकदाच लढवली. उमेदवार खुद्द काका. मतं पडली त्यापेक्षा घरचे नातेवाईक जास्त. "मावशी शपथेवर म्हणाली, तुलाच दिलं. खोटं!" अजून राग गेलेला नाही.

काकांनी येताना डब्यातून पास्तित्सी आणल्या. नावच मोठं — मटारच्या करंज्याच त्या! चार खाल्ल्या.

१ ऑक्टोबर

आज फूट पडली. म्हणजे १९७७ची.

भांडण कशावरून? खरे कम्युनिस्ट कोण — चीन की अल्बेनिया! मी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी चीन पाहिला होता?" नाही. "अल्बेनिया?" तोही नाही. काका चीनवाले. अल्बेनियावाल्यांचा पुढारी कोण — सख्खा धाकटा भाऊ, साल्वू! त्यानं ठराव करून काकांना पक्षातून काढलं. तेव्हापासून अबोला. काकू गेल्या तेव्हासुद्धा भावाचा फोन नाही.

मी म्हटलं, इतिहास एकतर्फी नको, साल्वूंचीही बाजू घ्यायला हवी. काकांनी टोपी उचलली आणि चालते झाले!

८ ऑक्टोबर

आले. टेबलावर एका चिठ्ठीवर फोन नंबर ठेवला. "इतिहासासाठी. बाकी कशासाठी नाही."

१० ऑक्टोबर

साल्वूकाकांना फोन लावला. आवाज अगदी भावासारखा. "त्याला सांग, हकालपट्टी अजून कायम आहे." खटकन ठेवला!

भाजी फोडणीला टाकते तोच उलटा फोन. "त्याचा गुडघा कसाय?"

१९ ऑक्टोबर, शनिवार

आमच्या डायनिंग टेबलावर व्हिडिओ कॉल. समोरासमोर आले, आणि नमस्कार-चमत्कार नाही — थेट भांडण! मला कळत होता तो एकच शब्द, अल्बेनिया. राजीव चहा घेऊन आला तो तिथेच उभा. "काय म्हणतायत?" म्हटलं, काय माहीत.

आणि मग दोघंही हसायला लागले. का, ते विचारायचं सुचलंच नाही. काका रुमालानं डोळे पुसत होते. राजीवनं चहा निमूट पुन्हा गरम केला.

५ नोव्हेंबर

काकांना माल्टाला भावाकडे जायचंय — वर्ष-दोन वर्षं राहायलाच. पण ग्रीन कार्डवर इतका काळ बाहेर राहिलं तर परत येण्याची पंचाईत, आणि नातवंडं इथे. "मग इतक्या वर्षांत सिटिझन का नाही झालात?" मी सहज विचारलं.

अर्जात प्रश्न असतो — कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? दर वेळी तिथवर येऊन अर्ज मिटवला. "नाही लिहिणं खोटं. हो लिहायचं तर देशाबाहेर काढतील ही भीती, आणि पोरं लहान होती."

आमची प्रीता इमिग्रेशनचीच वकील. ती म्हणाली, "आई, दॅट्स एन्शंट हिस्टरी. जस्ट टेल द ट्रूथ. पण लटकू शकतं हं."

१२ नोव्हेंबर

अर्ज भरायला बसलो. त्या प्रश्नाशी आलो आणि काका थांबले. साल्वूकाका फोनवर होतेच. मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "नाही लिही. पक्ष स्थापनच झाला नव्हता. आपल्याच घटनेप्रमाणे नऊ माणसं लागत होती. स्थापनेच्या सभेला आपण आठच होतो."

मी गार! ज्या पक्षापायी सख्खा भाऊ तोडला, तो पक्ष नव्हताच — हे स्वतःच्या तोंडानं सांगत होते. भावाचा अर्ज सुटावा म्हणून!

काका म्हणाले, "नऊ होतो. तू दाराबाहेर पहाऱ्याला होतास. मी आईला म्हटलं, एक हात कमी पडतोय. ती कणीक मळत होती. तसाच वर केला."

रोज चर्चला जाणारी आई!

"मला कधी बोलला नाहीस," साल्वूकाका.

"तिनं शपथ घातली होती. पाद्रीबाबांना कळायला नको म्हणून."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "हो लिही."

लिहिलं.

८ एप्रिल, मंगळवार

काकांची सिटिझनशिपची मुलाखत. ड्राइव्ह मीच केलं. काका बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. ऑफिसर पोरगी भली होती म्हणे, सभासद सतरा ऐकून हसूही दाबलं तिनं. पण निर्णय वरचे लोक घेणार. कधी? सांगता येत नाही.

गाडीत एकच बोलले. "आता ऐंशी उलटल्यावर 'सांगता येत नाही' म्हणजे काय, ते कळतं मला."

मी घरी येऊन राजीववरच चिडले. उगाच.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सकाळी साल्वूकाकांचा फोन. पक्षाचा जुना ठराव आहे म्हणे — सभासदानं अमेरिकेत पाऊल ठेवायचं नाही. काल रीतसर सभा घेऊन तो रद्द केला. एकमतानं! सभासद आता उरलेत ते एकटेच.

"दोन मे, नेवार्क विमानतळ. त्याला सांगू नकोस. गाडी घेऊन येशील ना, नंदा?"